अकरा रेघांची नोकरी

लग्नकार्यात ओळख झाली की माणसं विचारतात, "तुम्ही नोकरीला कुठं होता?" मी सांगते, "गुलबर्ग्याला, दवाखान्याच्या लॅबमध्ये." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "काय तपासायचात?" इथं मी आधी समोरच्याच्या ताटाकडे बघते. जेवण झालेलं असेल तर खरं सांगते, "लहान लेकरांची शी."

बहुतेक जण तिथंच विषय बदलतात. एखाद-दुसरा मात्र खुर्ची जवळ ओढून बसतो. आजचं लिहिणं अशा खुर्ची ओढणाऱ्यांसाठी आहे.

सव्वीस वर्षं मी हेच केलं. पाच वर्षांच्या आतलं लेकरू पाण्यासारखे जुलाब होऊन वॉर्डात आलं की झाकणाची डबी घेऊन मी तिथं हजर. त्या डबीत आम्ही रोटा नावाचा विषाणू शोधायचो. रोटा म्हणजे लॅटिन भाषेत चाक. आमच्या लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, इतका लहान. मोठ्या शहरातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेला त्याचा फोटो लॅबचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा. हुबेहूब बैलगाडीचं चाक. मध्ये तुंबा, भोवती आरे, कडेला धाव.

या चाकाला एकात एक बसलेली तीन कवचं असतात. सगळ्यात आत त्याचा खरा ऐवज, आरएनएचे अकरा तुकडे. पुष्कळशा विषाणूंचा आरएनए एकपदरी असतो. याचा दुपदरी, दोन पदर दोरीसारखे एकमेकांना पिळा घालून बसलेले. प्रत्येक तुकड्यावर एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेली असते. एकावर बाहेरच्या कवचाची, एकावर त्या कवचातून वर आलेल्या काट्यांची, एकावर लेकराच्या आतड्यातून पाणी सोडायला लावणाऱ्या विषारी प्रथिनाची. आपल्या पेशीत शिरताना तो वरचं कवच टाकून देतो, पण आतली दोन अंगावर तशीच ठेवतो. दुपदरी आरएनए उघड्यावर दिसला की आपलं शरीर त्याला परका म्हणून ओळखतं. म्हणून हा गडी घराबाहेर येतच नाही. आतल्या आत एकपदरी नकला काढतो आणि बारीक भोकांतून बाहेर सोडतो. पेशी बिचारी त्या वाचून त्याचं काम करत बसते.

हे सगळं सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सर कन्नड बोलणारे. मराठी सावकाश आणि फार जपून बोलायचे. मला तेव्हा त्यातलं चार आणे समजलं.

माझं काम ते अकरा तुकडे डोळ्यांना दिसतील असे मांडायचं. नमुन्यातून आरएनए वेगळा काढायचा आणि जेलच्या खाचेत भरायचा. जेल म्हणजे दोन काचांमध्ये बसवलेला खरवसासारखा पातळ थर. त्यातून वीज सोडली की तुकडे खाली सरकायला लागतात. लहान तुकडा पुढं पळतो, मोठा मागं रेंगाळतो. सकाळी ती जेल चांदीच्या क्षारात बुडवायची, मग दुसऱ्या द्रावणात घालून हलवत बसायचं. हळूहळू तपकिरी रेघा वर येतात. वरती चार, मग दोन, मग जवळजवळ चिकटलेल्या तीन, शेवटी दोन. अकरा रेघा मोजल्या की रोटा सापडला. हातमोज्याला कुठं बारीक छिद्र असलं तर चांदीनं बोटं काळी पडायची. माझ्या लग्नात मेंदी काढणारी बाई म्हणाली होती, "ह्ये आधीच कुणी काडून ठेवलंय?"

घरी मात्र हे काम कुणाला पटत नव्हतं. माझी माय निर्णा गावची. आमचं धम्मदीक्षा घेतलेलं घर. आजोबांच्या वाट्याला गावानं जी कामं दिली होती, ती नाकारायची सोय नव्हती; दीक्षेनंतर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा हात लावला नाही. मायनं दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाऊन मला शिकवलं. लॅबमध्ये मी काय करते ते तिला समजलं, त्या दिवशी ती जेवली नाही.

"कामून शिकवलं मी तुला?" ती म्हणाली. "लोकांची घाण उचलायला?"

वर्षभर तो विषय आम्ही काढला नाही. मग तिचे डोळे दाखवायला तिला गुलबर्ग्याला आणलं, तेव्हा सरांना विचारून लॅबमध्ये नेलं. दिव्याच्या पेटीवर त्या दिवशीची जेल ठेवलेली होती. माय वाकून बघत राहिली. बोट हवेत ठेवून तिनं एकेक रेघ मोजली.

"ह्या रेघा त्या घाणीतल्या हायत?"

"व्हय."

"आन् ह्या बघून काय करतेत?"

"कोण्या जातीचा विषाणू कुठं फिरायलाय ते लिहून वर पाठवतेत. त्यावरनं लस करता येते."

मग तिनं विचारलं, "ह्ये काम मला नको, म्हणून उद्या सोडता येतंय का तुला?"

"येतंय की."

"मग कर," ती म्हणाली. "तुज्या आजाला येत नव्हतं."

त्यानंतर तिनं माझ्या कामाला नाव ठेवलं नाही. शेजारणींना ती सांगायची, माझी लेक रेघा मोजते.

एक गोष्ट मात्र आम्ही वॉर्डातल्या आयांना कधी नीट सांगू शकलो नाही. आमच्या तपासणीचा त्यांच्या लेकराला काहीच उपयोग नव्हता. निकाल यायला दिवस लागायचे; तोवर लेकरू सलाईननं, साखर-मिठाच्या पाण्यानं बरं होऊन घरी गेलेलं असायचं. गाणगापूरचे एक पुजारी एकदा नारळ घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. नातू बरा झाला होता, म्हणून त्यांना मशीनपुढं नारळ फोडायचा होता. मशीननं काही केलं नाही, केलं ते वॉर्डातल्या नर्सांनी, हे मी परोपरीनं सांगितलं. "असू द्या, तिचाबी हातभार असंल," असं म्हणून त्यांनी पायरीवर नारळ फोडलाच. सरांनीही खोबरं खाल्लं.

पण कधी लेकरू घरी जायचं नाही. एका बाळाची डबी माझ्याकडे आली आणि त्याच दुपारी ते गेलं. नमुना ठेवला होता, म्हणून मी जेल लावली. सव्वीस वर्षांत माझ्या हातून इतकी देखणी जेल दुसरी निघाली नाही. अकराच्या अकरा रेघा, आखल्यासारख्या. सरांनी तिचा फोटो शिकवायला घेतला. डबीवर नंबर असायचा, नाव नसायचं. त्या बाळाचं नाव मी वॉर्डात जाऊन विचारायला हवं होतं. तेव्हा विचारलं नाही, हे अजून सलतं.

आता ज्या जेलसाठी मी हे लिहायला बसले, तिच्याकडे येते.

रोटाची लस सरकारी यादीत यायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. रोटाचे रोगी थंडीतच जास्त. अफजलपूरच्या पुढं भीमेकाठी एक गाव आहे, तिथली सुनंदा नावाची बाई आपलं दीड वर्षाचं पोरगं घेऊन वॉर्डात आली. पोराचं नाव समर्थ. बरोबर तिची सासू काशीबाई. मी डबी मागितली तर काशीबाई आडवी आली.

"लेकराची शी घेऊन काय करायलीस? करणीबिरणी?"

मी तिला विषाणू, चाक, रेघा सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यापरीस करणी बरी, समजती तरी." पण डबी दिली. समर्थ तीन दिवसांत बरा होऊन गावी गेला.

चौथ्या दिवशी त्याच्या नमुन्याची जेल मी दिव्यावर ठेवली. बाकीच्या रांगांत अकरा रेघा, नाहीतर काहीच नाही. समर्थच्या रांगेत मी मोजत गेले ती पंधरावर थांबले. पुन्हा मोजल्या. पंधराच.

सर आले, बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "शालनबाई, दोन लेकरांचे नमुने तुमच्याकडून मिसळले."

"न्हाई, सर."

"अकरा तुकड्यांच्या विषाणूला पंधरा रेघा कशा येतील? एका लेकराला एकदम दोन जातींचा रोटा झाला तर येतील, पण ते क्वचित. हाताची चूक रोज होते."

ते रागावून बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. माझी चूक ठरली असती तर त्या आठवड्याचे सगळे नमुने बाद झाले असते आणि इथून पुढं माझी प्रत्येक जेल दुसऱ्या कुणीतरी तपासूनच, आमचे निकाल जिथं जायचे त्या मोठ्या लॅबकडे गेली असती. उरलेल्या नमुन्यातून मी परत जेल लावली. परत पंधरा. सर म्हणाले, "मग डबीतच मिसळलं असेल. वॉर्डात." आता एकच मार्ग होता, त्या पोराचा ताजा नमुना. बरं झाल्यावरही काही दिवस लेकराच्या शीतून हा विषाणू पडत राहतो.

"पण आणणार कोण?" सरांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि अफजलपूरची बस धरली. खरं सांगते, मी काही लेकरांच्या काळजीनं निघाले नव्हते. माझा हात चुकला नाही, एवढंच मला दाखवायचं होतं.

गावात घर शोधायला वेळ लागला नाही. दारातच सुनंदा ओरडली, "अगं बया, शीवाल्या अक्का आल्या!" समर्थ अंगणात कोंबडीमागं पळत होता. मी डबी काढली तर सुनंदा हसायला लागली. "आत्ताच झाली की त्याची. आता दुपारपतूर थांबावं लागंल."

थांबावं लागलं म्हणून पुढचं घडलं. चहा आला. मी भिंतीला टेकून बसले. कोपऱ्यात लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि तिच्यात कुणीतरी होतं, पण आवाज नव्हता. लहान लेकरू असलेल्या घरात इतकी शांतता नसते. मी उठून बघितलं. दहा महिन्यांची पोरगी. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले.

"ही कोण?"

सुनंदाची धाकटी जाऊ मंगल चुलीपासून उठून आली. "माझी भागू. तिलाबी लागलंय परवापसनं. दात यायलेत, म्हणतेत."

"पाणी पाजलं का?"

"पाणी दिलं की अजून वाहतंय," काशीबाई म्हणाली. "म्हून बंद केलाव."

मी लॅबची बाई. माझा संबंध डब्यांशी. लेकराला औषध द्यायचं मी कधी केलेलं नव्हतं. पण वॉर्डात डबीची वाट बघत उभं राहून डॉक्टर काय करतात ते हजारदा बघितलं होतं. भागूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. ती रडली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मंगल, हिला दात न्हाईत यायलेत. समर्थला झालं तेच झालंय. आत्ता दवाखान्यात न्यावं लागंल."

भागूचा बाप रानात होता. त्याला बोलवायला माणूस गेला. तोवर काय? सुनंदा आत गेली आणि फडताळातून साखर-मिठाच्या पावडरीची दोन पाकिटं घेऊन आली. दवाखान्यातून घरी सोडताना समर्थसाठी दिलेली. उकळून निववलेल्या लिटरभर पाण्यात मी एक पाकीट मिसळलं आणि चमच्यानं पाजायला सुरुवात केली. पाचव्या चमच्याला भागूनं सगळं ओकून टाकलं.

"बघा," काशीबाई म्हणाली. "म्हणलं नव्हतं?"

त्या क्षणी मीही घाबरले होते. पण वॉर्डातली नर्स ओकारीनंतर दहा मिनिटं थांबायची आणि पुन्हा सावकाश द्यायची, ते आठवलं. थांबले. पुन्हा एक चमचा. थोड्या वेळानं आणखी एक. या खेपेला पोटात राहिलं. काशीबाई बघत होती. बऱ्याच वेळानं ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातून चमचा घेतला.

"सरक," ती म्हणाली. "तुजा हात लई कापायलाय. सांडायलीस."

भागूचा बाप ऊस टाकून परत आलेला एक ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत मंगल, मांडीवर भागू, समोर वाटी-चमचा घेऊन काशीबाई आणि मी. खड्डा आला की काशीबाई चमचा वर धरायची, खड्डा गेला की पोरीच्या तोंडात. अफजलपूरच्या दवाखान्यात भागूला लगेच सलाईन लावलं. तासाभरानं ती मोठ्यानं रडली आणि या वेळी गालांवरून पाणी ओघळलं. मंगलनं ते पदरानं पुसलं नाही, नुसतं बघत राहिली.

मी बाकावर बसले होते. नर्स भागूचं भरलेलं फडकं टाकायला चालली, तेव्हा मला एकदम आठवलं मी कशासाठी आले होते.

"ओ, थांबा! टाकू नका ते!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळा दवाखाना वळून बघायला लागला. काशीबाईनं नर्सला समजावलं, "द्या त्यांना. त्यांला लागतंय ते."

समर्थचा नमुना मात्र गावातच राहिला होता. सुनंदानं तो दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याच्या बसच्या कंडक्टरबरोबर पाठवला. डबी स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, डबा फडक्यात बांधलेला, वर चिठ्ठी, 'शालन अक्का, दवाखाना.' कंडक्टरनं तो स्टँडवर माझ्या हातात देताना सांगितलं, "गरम राहावं म्हणून इंजिनाजवळ ठेवला होता, अक्का." मी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार? पण हा विषाणू चिवट आहे, इतक्यानं त्याला काही होत नाही.

जेल लावली. सकाळी दिव्यावर ठेवायच्या आधी मी सरांना बोलावून घेतलं. समर्थच्या जुन्या नमुन्याला पंधरा रेघा, नव्याला पंधरा. माझा हात चुकलेला नव्हता. त्या पोराला खरंच दोन जातींचा रोटा एकदम झाला होता. काही तुकडे दोन्ही जातींत सारख्याच मापाचे, म्हणून बावीसऐवजी पंधराच रेघा दिसत होत्या.

मग आम्ही भागूची रांग बघितली. तिथं बरोबर अकरा रेघा होत्या. सर भिंग घेऊन वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. त्या अकरांपैकी काही त्या थंडीत आमच्याकडे दिसलेल्या एका जातीशी जुळत होत्या, काही दुसरीशी. एकाच पेशीत दोन रोटा शिरले की त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतात. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसून अकरा पानं वाटावीत तसं. समर्थच्या पोटात दोन जाती पिसल्या गेल्या होत्या आणि भागूला वाटून आला होता तो तिसराच, नवा. नुसत्या रेघांवरून हे खात्रीनं सांगता येत नाही. पुढं मोठ्या लॅबनं एकेक तुकडा वाचला आणि तेच कळवलं.

सरांनी नोंदवही उघडली. समर्थच्या नंबरापुढं 'नमुना दूषित' असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते खोडून त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'नमुना शुद्ध. चूक माझी,' आणि खाली सही केली. मग मराठीत जपून म्हणाले, "ती मुलगी कशी आहे?" मी सांगितलं, घरी गेली. ते म्हणाले, "ते वहीत लिहायला जागा नाही."

तो नवा रोटा पुढं आम्हाला कुठं दिसला नाही. बहुधा त्या घरातच विझला. पण समर्थच्या रांगेत सरळ अकरा रेघा आल्या असत्या, तर मी त्या गावाला गेलेच नसते. कुणाकुणाचे आभार मानू? सुनंदाचे, की जिनं आपल्या पोराची पाकिटं न विचारता काढून दिली. काशीबाईचे, की जिनं भरल्या घरात आपलं चुकलं हे चमचा हातात घेऊन कबूल केलं. आणि सरांचेही, की ज्यांनी माझ्यावर शंका घेतली.

पुढं लस आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लेकराच्या तोंडात थेंब. आमच्यासारख्या कितीतरी लॅबमधल्या बायका-माणसांनी मोजलेल्या रेघा त्या लशीमागं कुठंतरी आहेत, असं मी समजते. सर निवृत्त झाले, तरुण डॉक्टर मॅडम आल्या, तपासणीची नवी यंत्रं आली. जेल लावायची वेळ क्वचित यायची. रोग संपला असं नाही, अजूनही लेकरं येतात. पण आकसला, हे मी डब्या मोजून सांगू शकते.

मी निवृत्त व्हायच्या आधीची शेवटची थंडी. नव्या पोरींना जुनी पद्धत दाखवायची म्हणून मॅडमनी त्या पंधरवड्याचे होते तेवढे नमुने माझ्या हवाली केले. मी जेल लावली, सकाळी चांदी घातली, हलवत बसले. रांगा कोऱ्याच राहिल्या. मला वाटलं चांदी बिघडली. पण कडेच्या रांगेत आम्ही नेहमी एक जुना, खात्रीचा रोटा लावतो. तिथं अकरा रेघा लख्ख आल्या होत्या. चांदी चांगली होती. बाकीच्या रांगांत काही नव्हतंच.

"शालनताई, एकातही नाही?" मॅडमनी विचारलं.

"एकातबी न्हाई."

नव्या पोरी हिरमुसल्या. त्यांना रेघा बघायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, वॉर्डातून आज आणखी नमुने मिळाले तर आणा, पुन्हा लावू. मी डब्यांची पिशवी घेऊन गेले. जुलाबाच्या लेकरांसाठी जो कोपरा थंडीत भरून वाहायचा, एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं निजलेली असायची, तिथं चार खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. जुनी नर्स खिडकीत बसून स्वेटर विणत होती.

"डब्या घेऊन कामून आलाव, अक्का?" ती म्हणाली. "आज द्यायला लेकरू न्हाई."

मी पिशवी खाली ठेवली. तिनं दोन चहा मागवले. गुंडाळलेल्या गादीवर बसून आम्ही ते प्यालो, आणि बराच वेळ दोघींपैकी कुणीच उठायचं नाव काढलं नाही.